कापता येणार नाही असा फोटो

“काकू, तुम्ही परत आलात बघा काचेत.”

“अगं बाई! आत्ता तर सरकले होते की मी.”

“आणखी सरका. त्या बांबूच्या मागंच जा सरळ.”

कुमुदकाकू हातातलं फडकं सावरत बांबूच्या बेटामागे गेल्या. मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. तळ्याच्या काठावर ठेवलेलं काचेचं कमळ आता स्वच्छ दिसत होतं. ऊन अजून कोवळं होतं, पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. बटण दाबणार, तेवढ्यात मागून शिराळकरकाकांची हाक आली.

“कुमुद, ए कुमुद! इकडं ये जरा. या पाकळीवर डाग राहिलाय.”

डाग नव्हता. असता तर मला पहिल्यांदा दिसला असता. पण काकू बिचाऱ्या आल्या, नसलेला डाग मन लावून पुसायला लागल्या, आणि पाकळीपाकळीवर त्यांचं कपाळ, त्यांचा चष्मा, त्यांचा अंबाडा उमटला. सकाळपासून हेच चाललं होतं. मी त्यांना हाकलायची आणि काका त्यांना परत बोलवायचे.

ही गोष्ट खिशात मोबाइल असलेला प्रत्येक जण फोटोग्राफर व्हायच्या आधीची आहे. सांगलीबाहेर एका ट्रस्टची वनस्पतींची मोठी बाग होती. झाडाझाडाला नावाची पाटी, देशोदेशीची रोपं, कॉलेजची मुलं अभ्यासाला यायची. त्या हिवाळ्यात बागेत भालचंद्र शिराळकरांच्या काचशिल्पांचं प्रदर्शन मांडलं होतं. शिराळकरकाका तरुणपणी कंदिलाच्या काचा फुंकायचे. गावोगाव वीज आली, कंदील माळ्यावर गेले, कारखाना बंद पडला. मग काकांनी घरामागे स्वतःची भट्टी घातली आणि काचांऐवजी फुलं फुंकायला सुरुवात केली. ते फुंकायचे आणि काकू घासून पुसून झळाळी आणायच्या. सत्तरीत पोचल्यावर पुण्या-मुंबईचे लोक त्यांचं काम बघायला यायला लागले. बाग प्रदर्शनाची पुस्तिका छापणार होती आणि त्यातल्या फोटोंचं काम मला मिळालं होतं.

मला, म्हणजे हेमलता मगदूमला. वडिलांच्या मागे मगदूम फोटो स्टुडिओ मीच चालवत होते. लग्नं, बारशी, आणि ओळखपत्रावरचे ते गुन्हेगारासारखे चेहरे. बोहल्यावर उभं राहून घाम पुसणारे नवरदेव टिपून टिपून मला वीट आला होता. ही पुस्तिका चांगली झाली तर आपल्यालाही दुसरं काहीतरी येतं हे जगाला कळेल, अशी माझी खटपट होती. आणि त्या खटपटीत काकूंचा अंबाडा आडवा येत होता.

काचेचा फोटो काढणं म्हणजे काचेत जे जे दिसतं त्याला हाकलून देणं. आभाळ दिसतं, झाडं दिसतात, येणारेजाणारे दिसतात आणि सगळ्यांत आधी कॅमेरा घेऊन वाकलेले आपण दिसतो. त्यावर उपाय म्हणून मी मांडववाल्याकडून मोठं काळं कापड आणलं होतं. दोन काठ्यांना ते ताणून बांधायचं, मधे भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढायची, आणि आपण कापडामागे. काचेला मग समोर नुसता अंधार दिसतो. फक्त एक होतं. त्या कापडापुढे कुणी उभं राहिलं तर ते माणूस काचेत आरशाहून स्वच्छ दिसायचं.

काका ते कापड बराच वेळ बघत होते. काकूंना त्यांनी चहाचा थर्मास आणायला पाठवलं आणि कापडामागे माझ्याजवळ आले.

“सुनंदा, आली का गं ती?”

“हेमा, काका. आणि कोण आली का?”

“कुमुद. काचेत आली का?”

“आल्यात की! किती फोटो फुकट गेले त्यांच्यापायी.”

“फुकट नको घालवू. बघू, दाखव.”

मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवले. एका पाकळीत कपाळ, दुसरीत हनुवटी, चष्म्याची एक काच देठापाशी. काकांनी मान हलवली.

“तुकडे झालेत. अख्खी पाहिजे.” आवाज आणखी खाली आला. “उद्या ते गोळे काढणार ना तू, कैलासपतीच्या झाडाखालचे? त्या काचेत माणूस अख्खा येतो. उद्या तिला पुसायला उभी करतो मी. तू गुपचूप काढ. तिला कळू देऊ नको.”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासूनचे ते डाग मुद्दामचे होते.

“काका, चोरून नाही हं मी काढत कुणाचा. लग्नात तोंडात जिलबी कोंबलेल्या माणसाचासुद्धा नाही काढत. सरळ विचारा की त्यांना.”

“दिवाळीपासून विचारतोय. फोटो म्हटलं की उठून जाते. ऑपरेशन झाल्यापासून एकाही फोटोत नाही आली ती. नातवाच्या मुंजीत दोन दिवस स्वयंपाकघरात बसून राहिली.”

“मी विचारून बघते.”

“बघ. बायकांचं बायकांना जमतं कधीकधी.” मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, “पण मला पाहिजेच आहे तिचा फोटो. समजलीस? पाहिजेच आहे.”

त्यांच्या बोटांना भट्टीवर काम करणाऱ्याचा राठपणा होता. दंड दुखला. कलाकार माणूस, हट्टी असायचाच, असं म्हणून मी सोडून दिलं. मला सुनंदा म्हणण्याचंही मी मनावर घेतलं नव्हतं. मोठ्या माणसांना आपलं नाव लक्षात ठेवायची काय गरज पडलीय!

ऊन डोक्यावर आलं तसं काम थांबवलं. बकुळीखाली बसून काकूंनी डबा उघडला. उप्पीट होतं, वर लिंबाची फोड. काका तळ्याकडे एकटेच फिरत होते. मी दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

“काकू, तुमचा एक फोटो काढू का?”

त्यांनी झाकण डब्यावर ठेवलं. “ह्यांनी सांगितलं ना तुला?”

“हो.”

“वाटलंच. सकाळपासून कसले डाग दिसतायत त्यांना, म्हटलं.” मग म्हणाल्या, “तुझ्या दुकानात भिंतीवरचे फोटो होतात ना गं?”

होतात की! घरात कुणी गेलं की चार-सहा दिवसांत घरातलं कुणीतरी आमच्या पायऱ्या चढतं. हातात एखाद्या लग्नातला नाहीतर मुंजीतला घोळक्याचा फोटो असतो. ‘यातून आईला तेवढं काढून द्या.’ माझे वडील ब्लेडनं चेहरा कापून काढायचे, मागे निळा रंग भरायचे, कपाळाचं कुंकू ठसठशीत करायचे. मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. वर्षभराची लग्नं एकीकडे आणि हे भिंतीवरचे फोटो एकीकडे, अशी आमच्या धंद्याची तऱ्हा. हे मी काकूंना सांगितलं.

“आमच्या सासूबाईंचा असाच केला,” काकू म्हणाल्या. “नणंदेच्या लग्नातल्या फोटोतनं. कुठल्या फोटोवाल्यानं केला देव जाणे, पण त्यांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेलीत. कुणाची ते आता कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षं त्या बोटांसकट हार घालतोय आम्ही.”

मला हसू आलं. काकूही हसल्या. पण लगेच त्यांचं हसू मावळलं.

“माझं ऑपरेशन ठरलं मिरजेत. आदल्या दिवशी आमचा अविनाश आला पुण्याहून. आई, केस विंचरून घे म्हणाला. ती जांभळी साडी नेस म्हणाला. छान हस, चांगला एक फोटो असू दे. मी काय कुक्कुलं बाळ आहे? कशाला हवाय ते मला कळत नाही?”

“मग?”

“मग काय! तोंडावर पदर ओढून घेतला. आणि जगले.” त्यांनी ते ठणकावून सांगितलं. “तेव्हापासून ठरवलंय. एकटीचा नाही, घोळक्यातला नाही, कुठलाच नाही. फोटोच नसला तर काय टांगतील?”

“पण काकांना तसाच पाहिजे असेल असं कशावरून? सहज पाहिजे असेल.”

“सहज?” काकूंनी तळ्याच्या दिशेला एकदा पाहून घेतलं. “दिवाळीच्या आधी हे एकटेच मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन आले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. आले ते गप्प. आणि तेव्हापासून हे फोटोचं टुमणं. रात्री जाग येते ना मला, तर हे उशाशी बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत असतात. काय हो, म्हटलं की म्हणतात, काही नाही, झोप. माझं परत निघालंय बघ काहीतरी. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय आणि हे मला सांगत नाहीत.”

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

“मला नाही गं जायचं भिंतीवर एवढ्यात,” त्या म्हणाल्या.

काकांचा असा राग आला म्हणून सांगू! बायको मरणाच्या भीतीनं रोज सुकत चाललीय आणि या माणसाला तिच्या फोटोची घाई झालीय. उद्या सकाळी यांना चांगलं सुनवायचं, असं मी ठरवूनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काका मला फाटकाजवळच दिसले. माळ्याला विचारत होते, कैलासपतीचं झाड कुठल्या बाजूला आहे म्हणून. माळी चकित होऊन बघत होता, कारण ते काचेचे गोळे काकांनीच उभं राहून त्याच्याकडून मांडून घेतले होते. मला जाग्यावरच बोलायचं होतं, पण काकू बरोबर होत्या. काकूंना मी साबणपाण्याची बादली आणायला पाठवलं आणि काकांना घेऊन झाडाकडे गेले.

कैलासपतीची फुलं फांदीला येत नाहीत, थेट बुंध्यावर येतात, आणि फळं तोफेच्या गोळ्यांएवढी असतात. काकांनी तसेच घागरीएवढे काचेचे गोळे फुंकून झाडाखाली सोडले होते. पिकल्या जांभळाचा रंग, जवळजवळ काळा. त्यांत बघणाऱ्याचं तोंड लख्ख दिसायचं. मी मुकाट्यानं काळं कापड बांधलं, लेन्स भोकातून बाहेर काढली, आणि मग काकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“काका, एक विचारू? काकूंना काय झालंय?”

“कुणाला? कुमुदला? काही नाही.”

“मग त्यांना का वाटतंय त्या मरायला टेकल्यात म्हणून?”

काका माझ्याकडे बघतच राहिले. मी थांबले नाही. डॉक्टर, फोटो, रात्रीचं ते टक लावून बघणं, भिंत, हार, सगळं भडाभडा बोलून टाकलं. वयाचा मान ठेवायचा असतो हेही तेवढा वेळ विसरले.

काका झाडाच्या पारावर बसले. बसले म्हणजे हात मागे टेकत, चाचपत बसले.

“तिला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “ठणठणीत आहे ती. मी डॉक्टरांकडं गेलो होतो ते माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी?”

“दिवाळीच्या आधीची गोष्ट. भट्टीवर होतो. फुंकणी खाली ठेवली आणि मागं वळलो, तर एक बाई फडकं घेऊन उभी. म्हटलं, ही कोण आत आली? भट्टीजवळ परकं माणूस येऊ देत नाही मी, भाजतं. म्हटलं, कोण पाहिजे आपल्याला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोळ्याकडे बघत बोलत होते.

“ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. त्या हसण्यानं ओळखलं मी. पण तोवर… तोवर नव्हतं ओळखलं. माझी बायको आहे ती.”

मी त्यांच्या जवळ सरकले.

“डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. आधी नावं जातात, मग रस्ते, मग माणसं. तुझं नाव काय ते मी काल रात्री घोकलं होतं. आत्ता नाही आठवत.”

“हेमा.”

“हेमा,” ते म्हणाले. “तर फोटो असला म्हणजे खिशात ठेवता येईल. रोज सकाळी काढून बघेन. पाढे पाठ करायचो ना शाळेत, तसं तोंड पाठ करीन तिचं. रात्री बघत बसतो ते त्याचसाठी. पण झोपलेलं तोंड निराळं असतं गं.”

“काका, त्या रोज समोर आहेत की तुमच्या. फोटो कशाला?”

“समोर उभ्या असलेल्या बाईला ‘तू कोण’ म्हणून कसं विचारू, हेमा? फोटोला विचारता येतं.”

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरले, आणि ते लपवायला मी उगाच कापडाची गाठ सोडून परत बांधली.

“त्यांना सांगा हे,” मी म्हटलं.

“नाही जमत. तिनं विचारलं, मला विसरणार का तुम्ही, तर काय उत्तर देऊ?”

“काय द्यायचं ते द्या. पण आत्ता त्या स्वतःचं मरण घेऊन बसल्यात. ते तरी काढून घ्या त्यांच्याकडून.”

काकू बादली घेऊन येत होत्या. पाणी हिंदकळू नये म्हणून तिरक्या चालत होत्या. काका उठून उभे राहिले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू मीच आता काही करणार आहे. मी खरंच काहीतरी केलं. मोठ्यानं म्हटलं, “काकू, काकांना तुमच्याशी बोलायचंय. तोवर मी लेन्स पुसून घेते.” आणि कापडामागे गेले.

ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघायचंही नाही असं ठरवलं होतं. पण कॅमेरा गोळ्यावर रोखलेला होता आणि डोळा लावल्याशिवाय मला राहवलं नाही. त्या जांभळ्या काचेत दोघं इवलीशी दिसत होती. काकांचे हात हलत होते. काकू बादली हातातच धरून उभ्या होत्या, खाली ठेवायचं सुचलं नव्हतं त्यांना. मग बादली खाली आली. काकांचे हात थांबले. काकूंनी बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि काकांच्या छातीवर फेकून मारलं. चांगलं जोरात मारलं. काका तसेच उभे राहिले. मग काकू पुढे गेल्या, त्यांच्या ओल्या सदऱ्यावर डोकं टेकलं, आणि कितीतरी वेळ दोघं हलली नाहीत. माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही.

“हेमा, ये बाहेर,” काकूंनी हाक मारली.

त्यांचे डोळे लाल झाले होते आणि तरी तोंडावर हसू होतं. असं दोन्ही एकदम मी फक्त मुलीच्या पाठवणीत बघितलेलं.

“मी आपली वेडी, जायची तयारी करत होते,” त्या म्हणाल्या. “कपाटातल्या साड्यासुद्धा कुणाला कुठली ते ठरवून ठेवलं होतं. आता कशी जाऊ? मी गेले तर ह्यांना कोण सांगणार मी कोण होते ते?” मग पदर कमरेला खोचून म्हणाल्या, “काढ फोटो.”

“इथं बसा. मी सरळ…”

“थांब. एकटीचा नाही.”

“बरं, जोडीचा काढते.”

“जोडीचा कापतात. तूच सांगितलंस ना काल. तूच कापतेस. ह्यांच्या खिशात असेल तोवर ठीक, पुढं अविनाशच्या हाती लागला की येईल तुझ्याकडं, यातून आईला तेवढं काढून द्या म्हणत. मला कापता येणार नाही असा काढ.”

एवढ्या वर्षांच्या धंद्यात अशी मागणी कुणी केली नव्हती. मी दोघांना शेजारी बसवलं. मधे बारीक फट दिसली. ब्लेड आरामात गेलं असतं. काकांचा हात काकूंच्या खांद्यावर ठेवला. काकू म्हणाल्या, “चार बोटं राहतील.” मागेपुढे उभं करून पाहिलं. कुठूनही बघा, माझ्यासारखीला दोन माणसं वेगळी करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. कधी नव्हे ती मला माझ्याच हुशारीची चीड आली.

काका मात्र एका गोळ्यापाशी वाकले होते. तळव्यानं त्याच्या पोटावरून हात फिरवत होते. रस्ता विसरलेला, नावं विसरलेला तो माणूस काचेवर हात ठेवला की अगदी शहाणासुरता दिसायचा.

“याच्यात लाट राहिलीय,” ते म्हणाले. “इथं, बघ. फुंकताना काच एका अंगाला जास्त गेली. कारखान्यात असती तर फोडून परत भट्टीत टाकली असती. लाटेत कड राहत नाही कशाची. कुमुद, इकडं ये. इथं बस. मी मागनं येतो.”

काकू खाली बसल्या. काका त्यांच्या मागे गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आपला गाल काकूंच्या गालाजवळ आणला. मी कॅमेरा जमिनीलगत नेला, पोटावर आडवी झाले, आणि भोकातून बघितलं. गोळ्यात एकीकडे काकूंचा चष्मा आणि कुंकू, एकीकडे काकांची पांढरी भुवई आणि मोठं नाक. मधे, लाटेवर, दोघांचा गाल एकच झाला होता. काकूंचा कुठे संपतो आणि काकांचा कुठे सुरू होतो, ते मला सांगता आलं नसतं.

“मिळालं!” मी ओरडले. “हलू नका.”

“अहो, माळी बघतायत सगळे,” काकू पुटपुटल्या.

“बघू देत,” काका म्हणाले. “लाज वाटली तरी उद्यापर्यंत विसरून जाईन मी.”

काकू खदखदून हसल्या आणि मी बटण दाबलं.

पुस्तिका छान झाली. तीत सगळी काच अगदी निर्मळ होती, कुणाचा केससुद्धा दिसत नव्हता. लोकांनी कौतुक केलं, बाहेरची कामंही मिळाली. तो एक फोटो मात्र पुस्तिकेत नव्हता. त्याची एक छोटी प्रत काकांच्या खिशासाठी केली आणि एक मोठी, उभी ठेवता येईल अशा चौकटीत बसवून घरी नेऊन दिली. चौकटीला टांगायची कडी नको, असं काकूंनी आधीच बजावलं होतं. मग माझ्या कामाच्या धबडग्यात त्यांच्याकडे जाणं राहूनच गेलं.

गेले ते काही वर्षांनी. काकू दार उघडताच म्हणाल्या, “ये ये. आज जरा बरा दिवस आहे.” काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण उठून नमस्कार केला, “आपण कुठल्या?” म्हणून विचारलं आणि बसायला सांगितलं. भट्टी केव्हाच विझली होती. काकू समोरच खाली बसून गवार मोडत होत्या.

थोड्या वेळानं काकांनी शेजारच्या टेबलावरची ती चौकट उचलून माझ्यापुढे धरली.

“बघितलंत का? ही आमची कुमुद,” ते म्हणाले. बोट बरोबर चष्म्याच्या कडेवर होतं. “हसतेय बघा कशी. कितीही धग असली तरी भट्टीजवळ उभी राहायची. ऐकायची नाही.”

ते एकेक शब्द नीट म्हणत होते. रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेले ते शब्द होते. मला फार आनंद झाला. मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून गवार मोडत होत्या, पण मोडायचा वेग कमी झाला होता.

मग काकांचं बोट सरकलं. लाटेवरून पुढे गेलं आणि त्या पांढऱ्या भुवईवर थांबलं. त्यांनी चौकट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

“आणि हा कोण म्हातारा?” ते म्हणाले. “तिला अगदी चिकटून बसलाय.”

मी काहीतरी बोलणार होते. काकूंनी हातानंच मला थांबवलं.

“आहे एक,” त्या म्हणाल्या. “कंदिलाच्या काचा फुंकायचा. बरा आहे माणूस.”

काकांनी त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चौकटीवरून नजर उचलून काकूंकडे पाहिलं, आणि काळजीनं, अगदी हळू विचारलं, “तुला त्रास नाही ना देत?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या. “अजून तरी नाही दिला.”